दोन पावलं पुढचा मास्तर

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या आजारपणात मी आठ दिवस एका रुग्णालयाच्या वॉर्डात काढले. तिथे उपचार होतात तसे डॉक्टरही घडतात. सकाळचा मोठा राउंड आटोपला, की पांढरे ॲप्रन घातलेली आठ-दहा मुलं-मुली वॉर्डात यायची. एमबीबीएसची ही मुलं. त्यांना शिकवायला यायची एक ज्युनियर रेसिडेंट. ती स्वतः एमडीच्या दुसऱ्या वर्षाला, बहुतेक वेळा रात्रपाळी करून आलेली, खिशात चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि हातात थंड झालेला चहा.

मामांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे बाबा होते. त्यांची प्लीहा वाढलेली होती. रेसिडेंटने एका मुलाला प्लीहा तपासायला सांगितली. त्याने बाबांच्या डाव्या बरगडीखाली बोटं खुपसली, थोडं चाचपलं आणि म्हणाला, "नाही लागत, मॅडम."

"मीपण पहिल्यांदा इथूनच सुरुवात केली होती," ती म्हणाली. "मलापण नव्हती लागली. प्लीहा वाढली की डाव्या बरगडीखालून तिरकी उजव्या ओटीपोटाकडे उतरते. फार वाढली असेल, तर तुझी बोटं तिच्या काठावर नसतातच, तिच्या अंगावर असतात. मग काठ कसा लागेल?"

तिने तळहात एकमेकांवर घासून गरम केले. बाबांना विचारलं, "बाबा, हात लावू का?" बाबा म्हणाले, "लाव नं बाई." तिने हात ठेवला तो पोटाच्या उजव्या बाजूला, अगदी खाली. बाबांनी श्वास घेतला की हात स्थिर, सोडला की बोटभर वर, डाव्या बरगडीच्या दिशेने. मग तिने त्या मुलाचा हात धरून तोच रस्ता चालवला. चौथ्या की पाचव्या श्वासाला तो मुलगा थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी अजून विसरले नाही. खोल श्वासाबरोबर खाली येणारा तो काठ त्याच्या बोटाला येऊन टेकला होता.

त्या विभागाचे प्रमुखही शिकवताना मी ऐकले. विषयावर त्यांची अशी पकड, की ऐकत राहावं. पण पहिल्यांदा आपण कुठे चुकलो, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्या चुकीला तीस वर्षं झाली असतील. ते विसरले होते. ती विसरली नव्हती. शिकवणाऱ्याला विषय किती येतो याची चौकशी आपण नेहमी करतो. तो विषय येत नव्हता ते दिवस त्याला किती आठवतात, हे मात्र आपण कधी विचारत नाही. विद्यार्थ्याच्या दोन पावलं पुढे असलेल्या मास्तराकडे ही आठवण ताजी असते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी या जवळिकीचा अभ्यास केला आहे. शिकवणारा शिकणाऱ्याच्याच भाषेत बोलतो, त्याची अडचण त्याच्याच बाजूने पाहू शकतो, तेव्हा समज लवकर येते असं त्यांचं म्हणणं.

हा लेख त्या दोन पावलांबद्दल आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी पदवीच्या मुलांचे छोटे वर्ग घ्यावेत, आपल्या अभ्यासाचा विषय त्यांच्यापुढे मांडावा, ही गोष्ट वर्ध्यासारख्या जिल्ह्यात का रुजली पाहिजे, याबद्दल आहे.

रोपवाटिका

आपल्याकडे 'सेमिनार' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मंडप, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि उद्घाटन लांबल्यामुळे प्रत्येकाला पाच-पाच मिनिटांत गुंडाळावा लागणारा शोधनिबंध. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र रोपवाटिका असा आहे. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको की रोपवाटिकेत गर्दी करून चालत नाही. वाफा लहान असावा लागतो, प्रत्येक रोपाकडे नजर जावी लागते.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये इतिहासकार रांके निवडक विद्यार्थ्यांना घेऊन मूळ कागदपत्रं तपासायला बसत. व्याख्यान वेगळं आणि हे बसणं वेगळं. इथे विद्यार्थ्याने काहीतरी आणून टेबलावर ठेवायचं आणि बाकीच्यांनी ते तपासायचं. ही रीत तिथून अमेरिकेत गेली.

मराठी माणसाला त्या रीतीचं मोल सांगणारी एक तारीख आहे. ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जात कशी निर्माण झाली, कशी पसरली, याची स्वतःची मांडणी त्यांनी तिथे केली. पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. एका लहान खोलीत, मोजक्या लोकांपुढे, एका विद्यार्थ्याने वाचलेला तो मजकूर शंभर वर्षांनंतरही वाचला जातो. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेब स्वतः प्राध्यापक म्हणून उभे राहिले.

आज अमेरिकेतल्या कॉर्नेलसारख्या विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांचे लेखन-सेमिनार वेगवेगळ्या विभागांत चालतात, आणि त्यांतले कितीतरी वर्ग संशोधक विद्यार्थी घेतात. कुणी प्राचीन इतिहासातला, कुणी तत्त्वज्ञानातला, कुणी साहित्यातला. प्रत्येकाचा विषय आपापला, पण काम एकच. वाचणं, वाद घालणं, लिहिणं, पुन्हा लिहिणं.

दक्षिणा घेऊन शिकवणारे

ही परदेशची चैन आहे, आपल्याला कशी झेपेल, असं कुणी म्हणेल. त्यांना मी दक्षिणा फेलोंची आठवण करून देईन.

सेनापती दाभाड्यांनी तळेगावला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा द्यायला सुरुवात केली. पुढे पेशव्यांनी ती प्रथा पुण्यात चालवली आणि वाढवली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी हा खर्च एकदम बंद केला नाही, हळूहळू दुसरीकडे वळवला. हा पैसा एका जातीच्या दानात न जाता मराठी ग्रंथांना आणि उपयोगी विद्येला मिळावा, अशी मागणी पुण्यातल्या सुधारकांनी केली तेव्हा शहरात केवढं वादळ उठलं होतं. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी आली. त्यानंतर याच निधीतून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. हुशार विद्यार्थ्याला महिन्याला ठरावीक रक्कम मिळायची. त्याने स्वतःचं पुढचं शिक्षण करायचं आणि खालच्या वर्गांना शिकवायचं.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे, दोघेही दक्षिणा फेलो. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालची. त्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या जणांत हे दोघे. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांतही हे दोघे. रानडे तेव्हा विशीत होते. सकाळी वर्ग घ्यायचा आणि रात्री आपल्या परीक्षेचं वाचायचं, असे ते दिवस. आधुनिक महाराष्ट्राच्या विचाराची जी पहिली फळी आपण मानतो, ती शिकता शिकता शिकवत होती.

मग ही रीत मोडली कुठे? माझ्या मते ती आपल्या विद्यापीठांच्या रचनेत मोडली. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठं निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, शिकवायचं ते संलग्न महाविद्यालयांनी. पुढे विद्यापीठांत पदव्युत्तर विभाग आले, पण पदवीचे विद्यार्थी महाविद्यालयांतच राहिले. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. वर्धा जिल्ह्यातली आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी इथली कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली. पीएच.डी. करणारे पुष्कळ विद्यार्थी नागपूरच्या विभागांत आणि पदवीची मुलं पाऊणशे किलोमीटरवर किंवा त्याहूनही दूर. दोघांची गाठच पडत नाही. आर्वीच्या मुलीला संशोधक कसा असतो, तो दिवसभर काय करतो, अडतो तेव्हा काय करतो, हे पदवी हातात पडेपर्यंत दिसत नाही. आपणही ते करू शकतो, हे तिला सुचणार कुठून?

वैद्यकीय शिक्षणात असं झालं नाही, कारण वॉर्डाला दोन इमारती नसतात. रुग्ण एकच, खाट एकच. प्राध्यापक, रेसिडेंट, इंटर्न आणि विद्यार्थी एकाच खाटेभोवती उभे राहतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याने पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अध्यापनात भाग घेतला पाहिजे, असं वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत लिहिलेलंच आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. म्हणजे ज्या प्रथेबद्दल मी लिहिते आहे, ती या जिल्ह्यात रोज चालते, फक्त तिला कुणी नाव दिलेलं नाही.

तकलीचा धडा

सेवाग्रामचं नाव आलं की नई तालीमकडे यावंच लागतं.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्याच डिसेंबरात तिने अहवाल दिला. मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिक्षण, ही 'वर्धा योजना', म्हणजेच नई तालीम. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालिमी संघाचं काम आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने उभं केलं. लहान मुलांच्या बुनियादी शाळेपाशी ते थांबले नाहीत. उत्तर बुनियादी आणि त्याच्याही पुढचं शिक्षण त्यांच्या आराखड्यात होतं. त्याच आवारात शिक्षकही घडत होते, आणि ते मुलांच्या सोबतीने घडत होते. आज तिथेच आनंद निकेतन ही शाळा नई तालीमच्या वाटेवर चालते.

तकलीवर सूत काढून पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने तकलीला पीळ. पेळू किती सैल धरायचा, हे फळ्यावर लिहून सांगता येत नाही. घट्ट धरला तर धागा तुटतो, सैल सोडला तर जाडाभरडा येतो. दहा वेळा तुटल्यावर हाताला कळतं. आणि त्या दहा वेळांत शेजारी कुणीतरी बसलेलं असावं लागतं, जे तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवेल.

शिकवणं हेसुद्धा असंच हाताचं काम आहे, हे आपण विसरलो आहोत. पीएच.डी. मिळाली, नेट-सेट निघाली, की माणसाला शिकवता येतं असं आपण धरून चालतो. सुताराच्या हाताखाली राहिल्याशिवाय कुणी सुतार होत नाही हे आपल्याला मान्य असतं, मास्तराच्या बाबतीत मात्र मान्य नसतं. वर्ध्याने देशाला शिकवलेला धडा शिक्षकांनाही लागू करायचा, एवढंच मी म्हणते आहे.

मी स्वतः संशोधक विद्यार्थिनी असताना एका महाविद्यालयात मला वर्गावर पाठवलं. सूचना एवढीच, "आज सर रजेवर आहेत, तुम्ही तास घ्या." समोर ऐंशीवर मुलं. मी वहीतलं वाचत गेले. शेवटच्या बाकावरच्या मुली खिडकीबाहेर पाहत होत्या. पाऊण तासात मी एकही प्रश्न विचारला नाही, कारण उत्तर आलं तर त्याचं पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. तास संपल्यावर कसं झालं म्हणून कुणी विचारलं नाही. त्या पाऊण तासात मुलांचं नुकसान झालं आणि माझंही. माझ्या शेजारी त्या दिवशी कुणी बसलेलं असतं, तर मला निदान कळलं असतं की धागा कुठे तुटला.

नियम आहे, आणि धोकाही

आता नियम बदलला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत म्हटलं आहे की कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधकाने आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे. त्याला आठवड्याला चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचं काम देता येईल, असंही त्यात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हीच दिशा आहे. आयआयटीत एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना विद्यावेतनाबरोबर आठवड्याला आठ तास असं काम करावं लागतं. तिथे ती रुळलेली गोष्ट आहे.

मात्र इथे एक धोका आहे, आणि तो आडपडदा न ठेवता सांगितला पाहिजे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूवर अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी तीच. मोठी मुलं लहानांना शिकवतील अशी पद्धत त्यांनी आपल्या अनाथालयात बसवली आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ती कल्पना इंग्लंडात गेली आणि तिथे तिचं काय झालं? एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुलं बसवायचा तो स्वस्त उपाय ठरला. मुलाने मुलाला शिकवण्यातला जिव्हाळा बाजूला पडला, वाचलेला पगार तेवढा उरला.

आजही तसं होऊ शकतं. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत कितीतरी पात्र माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतात. मोजलेल्या तासांचे पैसे, तेही वेळेवर येतील याची खात्री नाही, सुट्टीत काहीच नाही. ज्यांची पीएच.डी. होऊन पंधरा वर्षं झाली, अशी माणसं दोन महाविद्यालयांत धावपळ करत तास घेतात. अशा वेळी 'संशोधक विद्यार्थी शिकवतील' हे वाक्य रिक्त जागा न भरण्याचं निमित्त झालं, तर तो अन्याय होईल. कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांत वर्ग घेणारे, उत्तरपत्रिका तपासणारे संशोधक विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. आमच्या या श्रमावर विद्यापीठ चालतं, तर त्यात जगता येईल एवढं वेतन द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून कोणत्या तासाला काय म्हणायचं, हे आधीच स्पष्ट हवं. कायम प्राध्यापकाच्या रिकाम्या जागेवर संशोधकाला उभं करणं म्हणजे वेठ. प्राध्यापक जागेवर असताना, त्याच्या देखरेखीखाली, विद्यावेतन घेऊन, पंधरा-वीस मुलांचा आपल्या विषयातला वर्ग घेणं म्हणजे शिक्षण, दोन्ही बाजूंचं.

आपला वाफा

वर्धा जिल्ह्यात असे वर्ग कशाकशावर होतील, याचा विचार करताना माझी वही भरून गेली.

पुरातत्त्व शिकणारी मुलगी पदवीच्या मुलांना घेऊन पवनारला जाईल. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं वा. वि. मिराशींचं मत होतं. मत कशावरून बनतं, ताम्रपट काय सांगतात, खापरं काय सांगतात, याची चर्चा धाम नदीच्या काठावर बसून होईल. इतिहासाचा विद्यार्थी आष्टीला नेईल. 'छोडो भारत' चळवळीत तिथे १६ ऑगस्ट १९४२ ला काय घडलं हे पोलिसांच्या कागदात एक असतं आणि गावाच्या आठवणीत दुसरं, हे मुलं स्वतः ताडून पाहतील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी हिंगणघाटच्या कापसाचा माग काढेल. गावाच्या नावाने एकेकाळी परदेशात ओळखला जाणारा इथला कापूस, पुलगावची गिरणी, आणि आजच्या बाजार समितीतला भाव, अशी दीडशे वर्षं एका सत्रात. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी बोर अभयारण्याबद्दल बोलेल. २०१४ ला त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाल्यावर काठावरच्या गावांचं काय झालं, हे विचारणारी मुलगी तिच्या वर्गात नक्कीच बसलेली असेल. भाषेचा अभ्यासक मुलांना आपापल्या आजीचं बोलणं ध्वनिमुद्रित करून आणायला सांगेल, आणि 'गावंढळ' म्हणून ज्या बोलीची लाज वाटायला शिकवलं, तिचं व्याकरण त्यांच्याकडूनच लिहून घेईल. वर्ध्याच्या टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. भाषांतर, साहित्य, संस्कृती या विषयांत संशोधन करणारी देशभरातली मुलं तिथे राहतात. शहरातल्या मराठी महाविद्यालयाच्या वर्गात बसून त्यांनी हिंदी आणि मराठीतलं एक पान दोन्हीकडून तपासलं, तर दोन्ही भाषांचं भलं होईल.

याला फार पैसा लागत नाही, पण काही गोष्टी मात्र लागतात. वर्ग लहान असावा. विषय संशोधकाने स्वतः निवडलेला असावा, म्हणजे त्याची धग मुलांपर्यंत पोचते. पहिले तीन-चार तास मार्गदर्शकाने मागच्या बाकावर बसून ऐकावं आणि नंतर चहा घेताना बोलावं. नागपूरहून येण्या-जाण्याचा खर्च आणि केलेल्या तासांची नोंद मिळावी. मुलांना त्या वर्गाचे श्रेयांक मिळावेत, नाहीतर परीक्षेच्या धबडग्यात हा वर्ग पहिला बळी जाईल. चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनाची सोय आता झाली आहे. संशोधन म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेलंच नाही, त्यांना एकदम चौथ्या वर्षी ते करायला सांगण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी संशोधकाच्या शेजारी बसू देणं शहाणपणाचं.

संशोधकालाही याचा फायदा आहे. तीन-चार वर्षं एकाच प्रश्नावर एकट्याने काम करताना आपण हे का करतो आहोत, हा प्रश्न कधीतरी मन पोखरू लागतो. अठरा वर्षांच्या मुलीने हात वर करून "पण याचा उपयोग काय?" असं विचारलं, की त्याचं उत्तर शोधावंच लागतं. प्रबंधाची प्रस्तावना त्या उत्तराने सुधारते.

मामांना घरी न्यायच्या आदल्या संध्याकाळी वॉर्ड शांत होता. सकाळचा तोच मुलगा एका मित्राला घेऊन आला. मित्र त्या दिवशी क्लिनिकला आला नव्हता. मुलाने तळहात घासले, बाबांना विचारलं, आणि मित्राला पुढे केलं. मित्राचा हात सवयीने डाव्या बरगडीकडे निघाला. तो मुलगा काही बोलणार, एवढ्यात बाबांनीच मित्राचं मनगट धरलं आणि हात उजवीकडे, खाली नेऊन ठेवला.

"तिकून नाही रे बापू," बाबा म्हणाले. "इकून सुरू कर. मी श्वास घेतो."